मालकाची ट्रायल

सोनकांबळे उस्ताद ट्रकच्या केबिनमध्ये चढण्याआधी चपला काढायचे. काढलेल्या चपला एकावर एक ठेवून सीटखाली सरकवायचे आणि मगच स्टीअरिंगला हात लावायचे. नांदेडच्या ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते आम्हाला जड वाहन शिकवायचे, तिथला ट्रक इतका खिळखिळा होता की चपला घालून चढलं काय आणि काढून चढलं काय, त्याला काही फरक पडला नसता. आमच्यातल्या एकानं तसं बोलूनही दाखवलं. उस्ताद म्हणाले, "जिथं जेवतो, जिथं झोपतो, तिथं चपला घालून कोण जातं? तू घरात जातोस का?" तो जात होता, पण गप्प बसला.

ट्रकवाल्यांवर लिहिणारे लोक ढाबा लिहितात, चांदणं लिहितात, मागच्या फाळक्यावरची शायरी लिहितात. मी काही वर्षं ट्रक चालवतोय आणि मला त्यातलं फारसं काही भेटलेलं नाही. मला भेटल्या रांगा. लोडिंगची रांग, अनलोडिंगची रांग, वजनकाट्यावरची रांग. तेव्हा हे लिहिताना शायरी वगैरे सापडणार नाही, आधीच सांगतो. मला फक्त उस्तादांबद्दल लिहायचं आहे, कारण ते नसते तर मी आज चाकूरला मोबाइलच्या दुकानात लोकांच्या स्क्रीनवर काचा चिकटवत बसलो असतो.

ते उंचीनं बेताचे होते. सीटवर गोधडीची घडी घालून बसत, त्यामुळे गाडीत चांगले ऐसपैस दिसायचे आणि खाली उतरले की नवीन माणूस दचकायचा. गळ्यात पंचा, शर्टाच्या वरच्या खिशात पेन. त्या पेनानं त्यांना काही लिहिताना मी पाहिलं नाही. लोह्याच्या बाजूचं कुठलंसं गाव त्यांचं. उभं आयुष्य ट्रकवर काढून गुडघा कुरकुरायला लागल्यावर ते शिकवायला लागले. सकाळी आले की सगळ्यांना जयभीम घालायचे. आम्हाला, चहावाल्याला, आरटीओच्या साहेबालासुद्धा. समोरचा रामराम म्हणो, सलाम म्हणो, सत श्री अकाल म्हणो, त्यांचं कशालाच काही म्हणणं नसे. उत्तरच दिलं नाही तर मात्र ते दुसऱ्यांदा म्हणायचे, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आरटीओचा एक साहेब तिसऱ्या वेळेला हात जोडून उभा राहिला होता.

रागावले की आम्हाला 'साहेब' म्हणायचे. "साहेब, किलच तुमच्या पायाखाली हाय, स्वप्नात न्हाई." खूश असले की काहीच म्हणायचे नाहीत, सुशीला मागवायचे. चुरमुऱ्यांचा तो पिवळाधमक ढीग कागदावर आला की आम्हाला कळायचं, आज कोणीतरी गाडी नीट बॅक घेतली.

लायसन मिळणं हीच खरी लढाई, असं आमच्यापैकी प्रत्येकाला वाटायचं. ट्रायल पास झाली की पेढे, फोटो, स्टेटस. उस्ताद पेढा घ्यायचे, खायचे आणि म्हणायचे, "सरकारनं सांगितलं तुला गाडी येती. ते मलाबी ठाऊक होतं. आता पहिली कंपनी कोणती धरून राहिलास?"

हा त्यांचा खरा विषय. गाडी शिकवणं हे त्यांच्या लेखी त्या विषयाची फक्त तयारी होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी कोण आता काय करतंय हे ते सांगायचे. हा रिक्षा चालवतो, तो सासऱ्याच्या हॉटेलात आहे, अमका पुण्याला कुठंतरी वॉचमन. "ह्यांना गाडी येत नव्हती म्हणून सुटली असं बिलकूल न्हाई. माझ्यापेक्षा चांगली मारायचे. पहिल्या मालकानं सोडवली." पहिल्या वर्षात ड्रायव्हरला ज्या सवयी लागतात त्या हाडात बसतात, असं त्यांचं म्हणणं. जास्तीचा माल भरून जायची सवय लागली की ती जात नाही. गोळी खाऊन जागायची लागली की जात नाही. आणि दोन्ही नको म्हणणारं पोरगं वैतागून वर्षाच्या आत घरी जातं.

मला घरी जायचं नव्हतं. बी.ए. अर्ध्यात सोडलेलं. त्याआधी शेतात राबून बघितलं होतं, पण त्यात शेताला आणि मला दोघांनाही त्रास झाला. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मोठ्या मुश्किलीनं एक वर्ष दिलं होतं. "एक साल बघ. न्हाई जमलं तर गुमान चाकूरला यायचं आन चुलत्याच्या मोबाइलच्या दुकानात बसायचं. मंग ड्रायव्हरकीचं नाव काढायचं न्हाई." अण्णा शब्दाचे पक्के. वर्ष म्हणजे वर्षच. त्यामुळे पहिली कंपनी चुकली तर दुसरी शोधायला मला वेळच मिळणार नव्हता, हे मला आणि उस्तादांना, दोघांनाही स्पष्ट दिसत होतं.

एकदा एका बाहेरच्या मोठ्या कंपनीचा माणूस स्कूलमध्ये आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. पोरांना नवीन कोऱ्या गाड्यांचे फोटो दाखवले, एसी केबिन दाखवली. आमची तोंडं उघडीच राहिली. उस्ताद मागं बाकड्यावर बसून ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर रस्त्यात आजारी पडला तर गाडी कोण आणतं?"

"असं सहसा होत नाही," तो माणूस हसत म्हणाला.

"माणूस हाय, आजारी तर पडंल."

"मग त्यानं जवळच्या दवाखान्यात दाखवून गोळी घ्यावी आणि गाडी पोचवावी. डिलिव्हरीची वेळ असते ना."

उस्तादांनी त्याला चहा पाजला, फाटकापर्यंत सोडायला गेले. आमच्यातले दोघं तरीही त्या कंपनीत गेले. उस्ताद त्यांच्यावर चिडले नाहीत. त्यातला एक अजून तिथंच आहे, बरं चाललंय त्याचं. हेही सांगायला हवं, नाहीतर उस्तादांचं प्रत्येक म्हणणं खरं ठरायचं असा समज व्हायचा.

त्यांची स्वतःची एक रीत होती. नवीन ड्रायव्हरची मालक ट्रायल घेतो हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारी जुना ड्रायव्हर बसवून एक चक्कर मारायला लावतो. उस्ताद म्हणायचे, "तो तुझी घेतो, तू त्याची घे." त्यासाठी ते पोराचे मामा बनून स्वतः यार्डात यायचे. यार्डात जाऊन ते करायचे काय, तर बसायचे. सकाळी गेले की दुपारपर्यंत. एखादा दगड, एखादी मोडकी खुर्ची बघायची, पंचा पसरायचा आणि बसायचं. ऑफिसात जायचं नाही, मालकाला विचारायचं नाही.

ते बघायचे कपडे. यार्डात ड्रायव्हर लोकांचे धुतलेले कपडे वाळत आहेत का. "दोरीवर चड्डी-बनियन दिसलं पायजे," ते अगदी गंभीरपणानं सांगायचे. "कपडे धुवायला आन वाळायला टाइम लागतो. जिथं ड्रायव्हरचे कपडे वाळत न्हाईत, तिथं ड्रायव्हरला थांबूच देत न्हाईत. आला की पळवला." आम्ही मागं खूप हसायचो. चड्डीवरून कंपनी निवडणारा उस्ताद म्हणून त्यांची नक्कल करायचो. आता मी कुठल्याही यार्डात गाडी घातली की आधी दोरी बघतो.

हा ट्रायलचा पहिला भाग. दुसरा भाग ड्रायव्हरनं करायचा. ट्रायलच्या दिवशी मालकाला एका तरी गोष्टीला 'न्हाई' म्हणायचं. नाटक करून नाही. गाडीभोवती फिरायचं, काहीतरी खरंच खोट असतेच, ती दाखवायची आणि म्हणायचं, हे नीट होईपर्यंत मी गाडी हलवणार नाही. मग मालक काय करतो ते बघायचं.

माझी वेळ आली तेव्हा अण्णांनी घोळ घातला. अहमदपूरचे बालाजीशेठ त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांच्या चार-पाच गाड्या. अण्णांनी मला न विचारता त्यांच्याशी बोलून टाकलं आणि मला फोन केला, "सोमवारपासून शेठच्या गाडीवर चढ. घरचंच समज." मी उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "ओळखीच्या मालकाकडं पहिल्यांदा जायचं न्हाई." मी घरी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णा बसनं नांदेडला हजर.

स्कूलच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं समोरासमोर बसले. अण्णांच्या डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली राग.

"उस्ताद, गाडी शिकवायचे पैसे घेतले, शिकवली, झालं. पोरगं कुठं लावायचं ते आमी बघू न?"

"बघा की पाव्हणं. तुमचंच पोरगं हाय."

"मंग त्याला काय भरवून राहिलात? बालाजी माझा लहानपणचा दोस्त. त्याच्याकडं काय वाईट हाय?"

"काहीच न्हाई. चांगला असंल. म्हणूनच नको म्हणतो."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले, म्हणजे हा माणूस ठीक आहे ना, अशा नजरेनं. उस्तादांनी पंचा काढून मांडीवर घेतला, त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"पाव्हणं, परक्या मालकाला पोरगं न्हाई म्हणू शकतं. दोस्ताला न्हाई म्हणायची त्याची हिंमत व्हत न्हाई. त्याला वाटतं बापाचा शब्द जाईल." मग थांबून म्हणाले, "मी माझं पोरगं दोस्ताकडंच लावलं होतं. मिलिंद. ट्रायल न्हाई, काय न्हाई. दोस्त म्हणायचा, एवढी एक फेरी कर बेटा, मंग झोप. एक झाली की दुसरी. पोरगं मला फोन करायचं, बाबा, डोळे मिटून राहिलेत. मी म्हणायचो, त्याचं ऐक, घरचा माणूस हाय. देगलूरच्या अलीकडं गाडी रस्ता सोडून शेतात गेली."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"वाचलं," उस्ताद घाईनं म्हणाले. "हातपाय शाबूत हायेत. लातूरला औषधाच्या दुकानात कामाला हाय, लग्न झालं. पण इस्टेरिंगला परत हात लावला न्हाई. येतो, जेवतो, बोलतो. गाडीचं मातर कोणीच काढत न्हाई. त्याचं बी चुकलं न्हाई आन दोस्ताचं बी लई चुकलं असं न्हाई. माझं चुकलं. बापानं इचारायचं असतं, ते मी इचारलं न्हाई."

बाहेर कोणीतरी गिअर करकरवला. एरवी उस्ताद तिथूनच ओरडले असते. त्या दिवशी त्यांना ऐकू आलं नसावं. मला तेव्हा त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगाच उठून चहा सांगायला गेलो.

परत आलो तर अण्णा विचारत होते, "मंग कसं करायचं म्हणता?"

उस्ताद म्हणाले, "लातूरला जाऊ. तुमी बी चला. बैल घेताना बाजारात बघता तसं बघा."

लातूरला आम्ही तिघं गेलो. एमआयडीसीकडच्या पहिल्या यार्डात मालक नव्हता, मॅनेजर होता. गोड माणूस. अण्णांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मला बेटा म्हणाला. दोरीबिरी कुठं दिसली नाही, पण उस्ताद नुसते लांब जाऊन बसले. ट्रायलची गाडी मला दाखवली. मी भोवती फिरलो, चालू केली, तर हवेचा काटा वर चढायलाच तयार नाही. ब्रेकला हवा धरत नव्हती. अण्णा समोर बसलेले, हातात पाण्याचा ग्लास, किती कौतुकानं बघत होते. मी खाली उतरून म्हणालो, "साहेब, ब्रेकची हवा नीट झाल्याशिवाय मी नेणार नाही."

मॅनेजर अजिबात चिडला नाही. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरोबर आहे बेटा. असाच ड्रायव्हर पाहिजे आम्हाला. करून घेतो. नंबर देऊन ठेव, उद्या फोन करतो."

बाहेर आल्यावर अण्णा खूश. "काय सज्जन माणूस हाय! पोराचं ऐकून घेतलं."

उस्ताद म्हणाले, "चहा घेऊ."

टपरी यार्डच्या समोरच होती. आमचा चहा संपायच्या आत तीच गाडी फाटकातून बाहेर पडली. स्टीअरिंगवर माझ्याच वयाचा एक पोरगा होता. अण्णा गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग ग्लास ठेवून म्हणाले, "दुसरं यार्ड कुठं हाय?" फोन अर्थात कधीच आला नाही.

दुसरं यार्ड गुंडप्पाशेठचं. डाळमिलचा माल नेणाऱ्या गाड्या, फार नव्या नाहीत, फार जुन्याही नाहीत. भिंतीपासून लिंबाच्या झाडापर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर लुंग्या, बनियन, एक भगभगीत लाल टी-शर्ट. उस्तादांनी अण्णांना कोपरानं ढोसलं. अण्णा आता ह्या विद्येत पडले होते. ते जवळ जाऊन लुंगीला हात लावून आले आणि हळूच म्हणाले, "वाळत आली हाय."

गुंडप्पाशेठ स्वतः हजर. पोट पुढं, कपाळावर विभूती, आवाज फाटका. पाणी नाही, खुर्ची नाही. "लायसन दाखव. नवा हायेस? नव्यांनी माझ्या दोन गाड्या ठोकल्यात. ही घे, काट्यापर्यंत जाऊन ये."

मी गाडीभोवती फिरलो. मागच्या जोडीतलं आतलं टायर झिजून तार दिसत होती. सकाळी एका ठिकाणी 'नाही' म्हणून हात हलवत आलो होतो. इथंही म्हटलं आणि इथूनही गेलो तर? लातूर संपलं की मग बालाजीशेठ आणि नाहीतर चाकूरचं दुकान. मी उस्तादांकडं पाहिलं. ते दोरीकडं बघत होते, माझ्याकडं बघायचं नाही असं ठरवून बघत होते.

"शेठ, आतल्या टायरची तार निघालीय. बदलल्याशिवाय नेणार नाही."

"अय्यय्यो!" शेठ एवढ्यानं ओरडले की झाडावरची पाखरं उडाली. "काल आलास का लायसन घेऊन? मला टायर शिकवतोस? काट्यापर्यंत जायचंय, काश्मीरला न्हाई! ते टायर अजून हैदराबाद करून येतंय!"

"येईल. पण मी नेणार नाही."

मग त्यांनी माझा, नव्या पोरांचा, टायरच्या कंपन्यांचा आणि रस्त्याच्या ठेकेदाराचा उद्धार केला. तो चालू असतानाच खाली वाकून टायर पाहिलं. उठले, ऑफिसात गेले, आतूनही ओरडण्याचा आवाज येत राहिला. अण्णा उभे राहिले. "चला. हा तर मारंल पोराला."

"बसा पाव्हणं," उस्ताद म्हणाले. "राग येऊ द्या. त्याचा खर्च हाय, त्याला राग येणारच. टायर बदलतो का तेवढं बघा."

थोड्या वेळानं शेठच्याच शिव्या खात टायरवाला आला. त्यानं जॅक लावला, चाक उतरवलं, दुसरं टायर चढवलं. शेठ डोक्यावर उभे राहून प्रत्येक नटाला बोलत होते. सगळं झाल्यावर माझ्याकडं वळले. "आता तरी जातोस का? का आरती ओवाळू?"

मी चपला काढून केबिनमध्ये चढलो. काट्यापर्यंत गेलो आणि आलो. त्या संध्याकाळी नांदेडच्या बसमधून उस्तादांनी आम्हाला वाटेत उतरवून सुशीला खायला घातली.

मी अजून गुंडप्पाशेठकडेच आहे. ते अजून ओरडतात. अण्णांनी दिलेलं वर्ष कधी संपलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि आता गावात कोणाचं पोरगं ड्रायव्हर व्हायचं म्हणालं की अण्णा त्याला कपड्यांच्या दोरीवर भाषण देतात. बालाजीशेठ काही दिवस रुसले, मग अण्णांच्या घरी जेवायला आले.

उस्तादांना मी मधूनमधून फोन करायचो. फोनवर ते फार थोडं बोलायचे. गुडघेदुखीनं जोर धरल्यावर शिकवणं बंद झालं होतं. ते गेले ते पावसाळा संपता संपता. मी तेव्हा विजयवाड्याच्या पलीकडं माल खाली करायच्या रांगेत होतो आणि त्यांच्या मातीला पोचू शकलो नाही. ते मला फार लागलं, अजून लागतं. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांची-माझी एकदा भेट झाली होती.

ते लातूरला मिलिंदकडं राहायला आले होते आणि मी डाळीची पोती घेऊन नांदेडला निघालो होतो. फोनवर कळल्यावर म्हणाले, "मंग मी तुझ्याच गाडीत येतो." मिलिंद त्यांना स्कूटरवरून रिंग रोडला घेऊन आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. शांत, चष्मा लावलेला, बापाइतकाच ठेंगणा. त्यानं उस्तादांना धरून वर चढवलं, पिशवी दिली आणि दार लावलं. गाडीकडं त्यानं नीट पाहिलंही नाही. मग फिरून माझ्या बाजूला आला आणि खिडकीतून विचारलं, "कुठून आलास?"

"सोलापूरहून. पहाटे भरली, लातूरला अर्धी उतरवली."

"झोप झाली का?"

"नांदेडला होईल."

तो मान हलवून मागं सरला. उस्ताद समोर रस्त्याकडं बघत होते.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. उस्तादांनी बरंच काही विचारलं. शेठच्या रागाचं, अण्णांच्या तब्येतीचं, नव्या गाडीच्या ब्रेकचं. मध्येच त्यांचा उजवा पाय फळीवर दाबला जायचा, जणू ब्रेक तिथंच आहे. लोह्याच्या पुढं मी एक जांभई दिली. पाय दाबलेलाच राहिला आणि मग विष्णुपुरी येईपर्यंत त्यांनी मला एक मिनिट गप्प बसू दिलं नाही. त्यांनी एवढं बोललेलं मी कधीच ऐकलं नव्हतं.

नांदेडला गोडाऊनच्या बाहेर गाड्यांची रांग होती आणि हमाल जेवायला गेले होते. मी म्हणालो, "उस्ताद, रिक्षा बोलावतो तुम्हाला. ह्याला वेळ लागेल."

"मला काय घाई हाय? तू पड."

"नंबर येईल."

"आला तर मी हाय न. पड म्हणतो तर."

मी सीटच्या मागच्या फळीवर आडवा झालो. ते गुडघा धरून, एकेक पाय टेकवत, माझ्या मदतीशिवाय खाली उतरले. मला लगेच डोळा लागला. किती वेळ झोपलो कोण जाणे, जाग आली ती कोणीतरी दार ठोठावल्यामुळे. गोडाऊनचा मुनीम खाली उभा होता. "नंबर लागला! ड्रायव्हर कुठाय? गाडी आत घ्या!"

मी उठणार, तेवढ्यात उस्तादांचा आवाज आला. पुढच्या चाकाच्या सावलीत दगडावर बसले होते ते. मान उंच केल्यावर खिडकीतून मला त्यांचं डोकं आणि खांद्यावरचा पंचा दिसत होता.

"मागची गाडी घ्या पुढं."

"अहो बाबा, तुमचा नंबर जाईल."

"जाऊ द्या. पोरगं झोपलंय."

मुनीम काहीतरी पुटपुटत निघून गेला. मागच्या गाडीचं इंजिन चालू झालं, ती आम्हाला ओलांडून फाटकाकडं गेली. उस्ताद हललेसुद्धा नाहीत. मी पुरता जागा झालो होतो, तरी तसाच पडून राहिलो.